न्हाणीत पडले म्हणा

रत्नम्मा पडली तेव्हा आधी आवाज आला, दुखणं मागून आलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा मनगटातून कट्‌कन आवाज झाला, आणि हा आवाज आपल्याच हाताचा आहे हे तिला उमगायच्या आत तिच्या मनात एकच विचार येऊन उभा राहिला होता, की आता शिवूला काय सांगायचं? एक गुडघा पाण्यात, इरकलीचा पदर गढूळ पाण्यावर तरंगतोय, पितळी घागर गडगडत कल्लप्पाच्या इस्त्रीच्या टेबलाखाली गेलेली, आणि ही बाई लेकाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत बसलेली. चिंचेच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात कुणा सोलापूरकराला नवल वाटत नाही. पण नळाला पाणी आलं की गल्लीच्या तोंडचा खड्डाही भरतो. ड्रेनेजसाठी रस्ता उकरला, पाइप टाकला, वर माती लोटून माणसं निघून गेली, त्याला आता पुष्कळ दिवस झाले. तिथलाच कुठलातरी नळाचा सांधा गळतो आणि खड्डा काठोकाठ भरून रस्त्यासारखाच सपाट दिसायला लागतो. खड्डा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे रत्नम्माला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण चालताना तिचं लक्ष पायाखाली नव्हतं. आज सोमवार, शिवू जेवायला येणार, शेंगापोळीला गूळ पुरेल का, या हिशेबात ती होती. म्हणजे लेकाचा विचार करता करता ती लेकाच्याच खड्ड्यात पडली होती. कारण शिवू, तिचा एकुलता एक शिवू, या भागाच्या रस्त्यांचा कनिष्ठ अभियंता होता.

माणसं धावली. समोरच्या घरातली केराबाई, गल्लीच्या तोंडाशी इस्त्री करणारा कल्लप्पा, आणखी दोघं-तिघं. कुणीतरी बखोटीला धरून तिला उठवलं, कुणीतरी पदर पिळला. रत्नम्मानं दात आवळले आणि म्हणाली, "न्हाणीत पडले म्हणा." आता अशा वेळी चार माणसं 'का' म्हणून विचारतात. इथं कुणीच विचारलं नाही. "व्हय व्हय, न्हाणीतच की," कल्लप्पा लगेच म्हणाला, जणू तो तिच्या न्हाणीच्या दाराशीच उभा होता. केराबाईनं तर घागर उचलली, आत नेली, न्हाणीत आडवी करून ठेवली आणि वर चार तांबे पाणी सांडून आली. एवढी तयारी यांना कुठून सुचली, असं रत्नम्माला वाटलं खरं, पण तेवढ्यात दुखणं येऊन पोचलं आणि तो विचार तिथंच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा तळहात उलटा केला आणि चिमट्यानं बारीक बारीक काळे कण काढायला लागले. "बाथरूममध्ये एवढी खडी, आजी?" ते म्हणाले. "आमची न्हाणी लई जुनी हाय," रत्नम्मा म्हणाली. डॉक्टर हसले आणि प्लास्टरच्या तयारीला लागले. शिवू आला तो साईटवरून तसाच, पायांत धुळीनं माखलेले बूट, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. चाळिशी ओलांडली होती त्यानं, कपाळ मागं सरकत चाललं होतं, पण दारातून "अव्वा" म्हणाला तो शाळेतून गुडघा फोडून आल्यावर म्हणायचा तसाच. तेव्हा त्याला लागायचं आणि ती रागवायची. आता तिला लागलं होतं आणि तो रागावत होता. किती वेळा सांगितलं, आमच्याकडं राहायला ये, जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, तुझी सून चंद्रिका दिवसभर घरात असते, तू कशाला त्या घसरड्या बाथरूमच्या नादी लागतेस. रत्नम्मा ऐकत होती. रागावताना त्याची हनुवटी थरथरत होती, आणि तिला आपल्या हातापेक्षा त्या हनुवटीचं वाईट वाटत होतं. खोटं बोलले ते बरंच केलं, असं तिला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. बढतीची फाईल वर गेलेली. मागच्याच सोमवारी पानावर बसून त्यानं सांगितलं होतं, "अव्वा, येत्या महिन्यात होऊन जाईल. फक्त मध्ये एखादी तक्रार, एखादा मेमो यायला नको. तसं झालं की फाईल गेली खाली." आणि इंजिनियरच्या आईचाच हात इंजिनियरच्याच रस्त्यात मोडला, हे पेपरवाल्यांना कळलं असतं तर त्यांना दुसरी बातमी शोधावी लागली नसती.

पण खोटं म्हणजे पाहुणा. एकदा घरात घेतला की त्याला जेवू घालावं लागतं. दुसऱ्याच दिवशी शिवू रजा टाकून हजर झाला, बरोबर गवंडी, सिमेंटच्या गोण्या, खरबरीत फरश्यांचे खोके आणि भिंतीत बसवायचा स्टीलचा दांडा. रत्नम्मा बाजेवर बसून बघत राहिली. न्हाणीची शहाबादी फरशी, जिच्यावर तिनं शिवूला तळहातानं चोळून चोळून आंघोळ घातली होती, ती घणाखाली फुटत होती आणि तिला 'थांब' म्हणता येत नव्हतं. कसं म्हणणार? जिनं आईचा हात मोडला त्या फरशीची बाजू आईनं कशी घ्यायची? एकदा तर ती म्हणालीसुद्धा, "फरशीची काय चूक न्हाय रे." शिवूनं मान वर न करता उत्तर दिलं, "फरशीची नसते अव्वा, बसवणाऱ्याची असते." गवंड्याला त्याचं काम करू देईना हा. स्वतः उकिडवा बसून पाणसळ लावून बघायचा, तांब्याभर पाणी ओतायचा आणि ते कुठं जातं ते बघायचा, पुन्हा फरशी काढायला लावायचा. मागून त्याची मान बसलिंगप्पासारखी दिसत होती. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण मान गेली नव्हती. घामानं ओली, मध्ये खोलगट, कामात असली की एका बाजूला कललेली.

बसलिंगप्पा भुसार आडतीवर दिवाणजी होता. अबोल माणूस. पण सोमवारी मठात दासोह, म्हणजे अन्नदान, असलं की त्याला कंठ फुटायचा. पंगत बसली की हा कमरेला पंचा आवळून हुग्गीचं, गव्हाच्या दाट खिरीचं, पातेलं घेऊन सुटायचा, "घ्या की, घ्या की" म्हणत पानापानाशी वाकायचा. शिवू पाच-सहा वर्षांचा झाल्यापासून त्याच्या हातात मिठाचं ताट दिलेलं. पोर चिमूट चिमूट मीठ वाढत पुढं सरकायचं आणि प्रत्येकाच्या हुग्गीकडं बघायचं. भुकेनं त्याचे डोळे पाण्यानं भरायचे. पण वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं, हा बसलिंगप्पाचा कायदा. शेवटच्या पंगतीतही आधी म्हातारे, मग परगावचे, मग गडीमाणसं, आणि अगदी टोकाला हे बापलेक. रत्नम्मा चुलीपाशी असायची. तिला ते बघवत नसे. ती मागच्या दारानं पोराला बोलवायची, "बारो मगा," ये रे लेका, आणि हातावर हुग्गीचा एक गरम गोळा ठेवायची. पोर दोन घासांत गिळायचं, तोंड पुसायचं आणि पुन्हा मिठाचं ताट घेऊन बापाच्या मागं उभं राहायचं. बापाला कधी कळलं नाही. किंवा कळलंही असेल, बसलिंगप्पाचं काही सांगता येत नाही. म्हणजे लेकासाठी आडून काहीतरी करायची तिची सवय तेव्हापासूनची आहे. तेव्हा गोळा होता, आता न्हाणी.

दुपारी जेवताना शिवूनं आपणहून विषय काढला. एका हाताला प्लास्टर म्हणून तोच तिला घास कालवून देत होता. "अव्वा, गल्लीच्या तोंडाचा रस्ताही करायचा आहे गं. माझ्या डोक्यात आहे तो. दरवर्षी यादी करताना आधी त्याचंच नाव येतं मनात, आणि दरवर्षी मी ते शेवटी लिहितो." रत्नम्मानं विचारलं, "शेवटी का रे?" तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? इंजिनियरनं आधी स्वतःच्या आईच्या दारापुढं डांबर ओतलं. अप्पांना आवडलं असतं का?" रत्नम्माला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या आत कुठंतरी मनगटात ठणका लागला. मठातली आमटी शेवटच्या पानापर्यंत पुरते, कारण ऐन वेळी तीत तांब्याभर पाणी ओतता येतं. डांबराला तसं काही करता येत नाही. यादीच्या शेवटापर्यंत ते कधी पोचतच नाही. हे बसलिंगप्पानं त्याला सांगितलं नव्हतं, कारण बसलिंगप्पानं कधी डांबर वाढलं नव्हतं. शिवू पुढं म्हणाला, "आणि खरं सांगू? जिथून तक्रारी येतात तिकडं आधी धावावं लागतं. आपल्या गल्लीतून आजवर एकसुद्धा तक्रार नाही. फार समजूतदार माणसं आहेत." आणि त्यानं पुढचा घास तिच्या तोंडाशी धरला.

न्हाणी तयार झाली आणि गल्लीतल्या बाया ती बघायला आल्या, बाळंतिणीकडं बाळ बघायला यावं तशा. सगळ्यात शेवटी, उन्हं कलायच्या वेळेला, केराबाई आली. केराबाई सांगोल्याकडची, धनगराची. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा तिच्याबरोबर तीन शेळ्या आल्या होत्या, आणि शेळ्यांची संख्या तेवढीच ठेवून तिनं इथं पंचेचाळीस वर्षं काढली. वाटीत शेळीचं दूध घेऊन ती आत आली, न्हाणीच्या दारात उभी राहिली, स्टीलच्या दांड्याला धरून एकदा खाली बसली, एकदा उठली, आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती त्या नव्या फरशीवरच बसली. "आता काय म्हनावं! रस्त्याचा इंजिनेर, आन् न्हानीचा रस्ता केलाय बगा!" रत्नम्मालाही हसू आलं. हसल्यावर हात दुखला, तरी हसली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, "काय करू केराबाई, लेकराची फाईल वर गेलीया. माझ्यापायी त्याला बोल लागाया नको. खोटं बोलले. तुमा सगळ्यांस्नी पण बोलाय लावलं." केराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सहज, मीठ द्यावं इतकं सहज म्हणाली, "त्यात काय अक्का. तुमी येकट्याच हाव व्हय?"

"म्हंजे?" रत्नम्मानं विचारलं. केराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. बोलून गेल्यावर तिला कळलं होतं की हे बोलायचं नव्हतं. मग ती उगीच दुधाची वाटी सरकवायला लागली. पण रत्नम्मानं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. "केराबाई, गेल्या साली तुमचा खांदा निखळला. शिडीवरनं पडले म्हनालाव. शिडीवरनं न्हवं?" "शिडी कुटं हाय माज्या घरात अक्का?" केराबाई म्हणाली. खरंच की. चार पावलांवरचं घर, रोज येणंजाणं, आणि त्या घरात शिडी नाही हे रत्नम्माच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, हळद लावून दिली होती आणि घरी आली होती. मग केराबाई एकदा सुटली ती सुटलीच. कल्लप्पाचे पुढचे दात इस्त्रीच्या टेबलावर आपटून नव्हे, इथंच गेले. कोपऱ्यावरची शिक्षकीणबाई स्कूटीसकट आडवी झाली ती इथंच, आणि म्हणाली दुसऱ्याच रस्त्याला कुत्रं आडवं आलं. "मंग सांगायचं कसं अक्का? तक्रार केली की मेमो कुनाला? आपल्याच शिवूला. आमच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर. माज्या शेळीचं दूद पिऊन वाढलंय. त्याच्या नावानं कागूद लिवायचा? न्हाय जमत. आन् तुमास्नी सांगितलं आसतं तर तुमच्या जिवाला लागलं आसतं, म्हनून तुमास्नी पन न्हाय." शिवू सोमवारी जेवायला येतो म्हणून सोमवारी दुपारी कल्लप्पा खड्ड्यात मुरूम टाकून वरून पायानं दाबतो, हेही तिनं सांगून टाकलं. पोर आईकडं दोन घास खायला येतं, येता येता त्याच्या घशाला कशाला लागावं. पाणी आलं की मुरूम वाहून जातो. पुढच्या सोमवारी पुन्हा, आणि न्हाणीचं काम चाललं तेव्हा तर रोज. आणि ती पडली त्या सोमवारी नेमका कल्लप्पाचा मुरूमवाला आला नव्हता.

केराबाई गेल्यावर रत्नम्मा बाजेवर तशीच बसून राहिली. चैत्राचं ऊन पत्र्यावरून खाली येत होतं, नव्या सिमेंटचा वास घरभर पसरला होता. आधी तिला भरून आलं. केवढी माया ही! या गल्लीत कुणी कुणाचं देणं लागत नाही, जात वेगळी, घरात बोलायची भाषा वेगळी, आणि एका पोरासाठी माणसं खांदे मोडून घेतात नि शिडीचं नाव सांगतात. आपला शिवू कनिष्ठ अभियंता झाला त्या दिवशी पेढे तिनं वाटले होते, पण फटाके कल्लप्पानं उडवले होते. ती मनातल्या मनात एकेकाला हात जोडत सुटली. मग कधीतरी, कल्लप्पाच्या दातांपाशी आल्यावर, तिचे हात थांबले. कल्लप्पाला हुरड्याची कणसं दातानं सोलायची सवय होती. गेल्या हिवाळ्यात तो हुरड्याच्या दिवसांत तळहातावर दाणे मळत बसलेला तिनं पाहिला होता आणि म्हातारा झाला बिचारा, असं म्हणून ती पुढं गेली होती. म्हणजे हुग्गीचा गोळा ती एकटीच मागच्या दारानं देत नव्हती, सगळी गल्ली देत होती. आणि तो गोळा कुणाच्या पानातून येत होता हे ना तिनं पाहिलं होतं, ना त्या पोरानं. आणि ते पोर तर म्हणतं, समजूतदार माणसं! तिला शिवूचा राग आला. मग राग येऊन चालेना, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या माणसाला येताना मुरूम दिसतो आणि जाताना शेंगापोळीचा डबा मिळतो, त्यानं खड्डा कुठून ओळखायचा? पण तो काय लहान आहे? रस्ते बघणं हेच त्याचं काम आहे ना? मुरमाखाली काय आहे हे इंजिनियरला कळू नये? असं तिचं मन एकदा लेकाकडून, एकदा गल्लीकडून भांडत राहिलं, आणि दोन्हीकडून तीच हरत राहिली.

तेवढ्यात दारातून प्रियदर्शनी आली. केराबाईची सून, दूधवाटी न्यायला. आठवा संपत आलेला. पाठीवर हात ठेवून, पाय फाकून चालत होती, तरी चेहऱ्यावर हसू. "आज्जी, सासूबाईंनी वाटी मागितलीया. उद्या सकाळी पाणी येणार हाय म्हणं, तुमच्या घागरी मी भरते, तुमी उठू नका." रत्नम्मानं तिच्याकडं पाहिलं. प्रियदर्शनीला आपले पाय दिसत नव्हते, त्या दिवसांत कुठल्याच बाईला दिसत नाहीत. शिवू पोटात असताना रत्नम्माही अशीच चालायची, या गल्लीत, अशीच पुढचं काही न दिसता, आणि तेव्हा केराबाई तिच्या हातातली घागर हिसकावून घ्यायची. उद्या पाणी येणार. उद्या खड्डा भरणार. उद्या ही पोर दोन घरांच्या घागरी घेऊन त्या भरल्या रस्त्यावरून जाणार. आणि काही झालं, तर ही गल्ली काय सांगेल? न्हाणी तर वापरून झाली. केराबाई नातवंडाच्या बाबतीतही शिवूसाठी दुसरी शिडी शोधेल का? रत्नम्माला खात्री वाटेना की शोधणार नाही.

"प्रिया," ती म्हणाली, "तुझ्या फोनात झोन आपिसाचा नंबर निघतोय का बघ." प्रियदर्शनीनं फोन काढला. "शिवूकाकांचा हाय की माझ्याकडं." "काकांचा नको. आपिसाचा." प्रियदर्शनी काही समजली नाही, पण तिनं शोधून लावून दिला आणि स्पीकर चालू करून बाजेवर ठेवला. घंटा वाजत असताना रत्नम्मानं डोईवरचा पदर सारखा केला. पलीकडून आवाज आला, "नमस्कार, झोन कार्यालय, बांधकाम विभाग. बोला." शिवूच होता. पण हा आवाज रत्नम्मानं कधी ऐकला नव्हता. थकलेला, नम्र, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून झिजलेला. असा बोलतो का माझा लेक तिकडं? तिला फोन ठेवून द्यावासा वाटला.

"साहेब," ती म्हणाली, "मी चिंचेच्या गल्लीतनं बोलायलेय."

पलीकडं पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. "अव्वा? काय झालं? या फोनवर का केलास? हात दुखतोय का? मी येतो."

"येऊ नका. तितंच बसा. तक्रार द्यायची हाय, लिहून घ्या."

उभ्या जन्मात तिनं त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. प्रियदर्शनी तोंडावर हात ठेवून दाराबाहेर गेली आणि सासूला हाका मारत सुटली. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, ड्रॉवर उघडला, मिटला. मग तो म्हणाला, "बोला. नाव?"

"रत्नम्मा बसलिंगप्पा कलशेट्टी."

"तक्रार कशाबद्दल?"

"रस्त्याबद्दल. ड्रेनेजसाठी उकरला, तो नीट बुजवला न्हाय. पाणी आलं की दिसत न्हाय."

"कुणाला इजा झाली का?"

"मला झाली. हात मोडला."

"तुम्ही... तुम्ही बाथरूममध्ये पडला होता ना?"

"न्हाय साहेब. रस्त्यात पडले. न्हाणी चांगली होती आमची."

कुणीतरी तिकडं त्याला चहा घेणार का विचारलं, तो नको म्हणाला. रत्नम्माला वाटलं, आपण त्याच्या पानावरून भरला हात ओढला. पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "ह्याला जबाबदार म्हणून कुणाचं तरी नाव लागत आसंल न्हवं? ते पण घ्या," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे," शिवू म्हणाला. "ते मी लिहितो." आणि मग लिहिल्याचा आवाज आला, किंवा तिला तसं वाटलं. "आणखी कुणाची तक्रार आहे का या रस्त्याबद्दल?"

तोवर दारात केराबाई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं कल्लप्पा, त्याच्यामागं शिक्षकीणबाई. रत्नम्मानं फोन उचलून केराबाईच्या पुढं धरला. केराबाई दोन पावलं मागं सरकली. "नगं अक्का, आपलंच लेकरू हाय त्ये." "लेकरूच हाय," रत्नम्मा म्हणाली, "म्हणून सांगा. लेकराला न्हाय सांगायचं तर कुणाला सांगायचं?" केराबाईनं फोन घेतला, तोही उलटा. "साएब, माजा खांदा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "बोला मावशी," तिकडून शिवू म्हणाला, "सावकाश बोला, मी ऐकतोय." मग कल्लप्पाची पाळी आली. तो फोनसमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझी काय तक्रार न्हाय. दात आपले आपणहून पडलेत, वय झालं." केराबाईनं त्याला कोपर हाणलं. "मुरूम पण सांग की!" "ते कशाला सांगायचं?" "सांग!" आणि कल्लप्पानं, चोरी पकडल्यासारखं खाली बघत, सोमवारच्या मुरमाचंही सांगून टाकलं. "दर सोमवारी, मामा?" शिवूनं विचारलं. "तू जेवाय येतूस म्हणून," कल्लप्पा म्हणाला. साहेब म्हणायचं तो विसरला होता.

फोन हातोहात फिरून रत्नम्माकडं परत आला तेव्हा दार, ओटा, पायरी, सगळं माणसांनी भरलं होतं. सगळे तिच्या हातातल्या फोनकडं बघत होते. "सगळ्यांच्या नोंदी घेतल्या," शिवूचा ऑफिसातला आवाज म्हणाला. "आत्ता संध्याकाळीच खडी आणि रोलर पाठवतो, मी स्वतः उभा राहतो. उद्या पाणी यायच्या आत खड्डा बुजलेला असेल. पक्कं डांबर यादीत वर घेऊन महिन्याभरात." रत्नम्मानं फोन कानाशी नेला, पण स्पीकर चालू होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "तुझी बढती रे?" तिनं हळूच विचारलं.

"बघू. पुढच्या वर्षी."

आपल्या हातानं लेकराच्या तोंडचा घास काढला, हे तिला दिसत होतं, आणि दारात पोटावर हात ठेवून उभी असलेली प्रियदर्शनीही दिसत होती. केलं ते बरोबर होतं आणि ते करताना जिवाचं पाणी झालं होतं, दोन्ही खरं होतं. आता फोन ठेवावा, असं तिनं ठरवलं. पण शिवूनं ठेवला नव्हता.

"अव्वा," तो म्हणाला. ऑफिसातला आवाज गेला होता. "पडलीस तेव्हा लई दुखलं का गं?"

किती दिवस झाले, या प्रश्नाचं उत्तर कुणाला द्यावं लागलं नव्हतं. सगळे न्हाणीबद्दलच विचारत होते. भरल्या गल्लीसमोर, फोन दोन्ही हातांत धरायला जाऊन प्लास्टरचा हात आपटला आणि रत्नम्मा पोरीसारखी रडायला लागली. "लई दुखलं रे मगा," ती म्हणाली. "लई दुखलं. अजून दुखायलंय."